आधी मापन, मग जुळणी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त गुम्मिडिपूंडी येथे भरलेल्या कौटुंबिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी संमेलनात दोन शब्द बोलावेत असा निरोप चिटणिसांकडून आला, तेव्हा आमची प्रथम अशी समजूत झाली की तंजावरच्या मराठी राज्याविषयी काही सांगावे अशी अपेक्षा असावी. तमिळ मुलखात राहणाऱ्या मराठी माणसाने व्यासपीठावर उभे राहावे आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेल्या भोसले वंशाच्या शिलालेखाचा उल्लेख करू नये, हे जवळजवळ अशक्य आहे. परंतु चिटणिसांनी स्पष्ट बजावले की, "काका, तंजावर दरवर्षी होते. तुम्ही आयुष्यभर संगणकांत काढलेत, तर त्यातलेच काही सांगा. पण घरच्या बायकामुलांना कळेल असे सांगा." ही अट अवघड खरी. तरीही ती मान्य करून आम्ही आज संगणकजाळ्याचा वेग कसा मापावा आणि कसा जुळवावा, हा रुक्ष वाटणारा विषय निवडला आहे. तो तसा रुक्ष नाही, हे पटवून देण्याचा प्रयत्न करू. त्यात आमच्या हातून झालेल्या एका चुकीची कबुलीही येणार आहे. ती शेवटी देऊ.

विषयाला आरंभ करण्यासाठी आपल्याला फार दूर जावयास नको. आपल्यापैकी बरेचजण आज चेन्नईहून लोकलने आले. बेसिन ब्रिज, एण्णूर, मिंजूर, पोन्नेरी, कवरैप्पेट्टै अशी स्थानके घेत गाडी येथे येते, आणि साधारण दीड तास मोडतो. आता समजा, नऊ डब्यांच्या गाडीला रेल्वेने आणखी तीन डबे जोडले. एका खेपेत माणसे अधिक येतील, हे उघड आहे. परंतु पहिल्या डब्यात खिडकीशी बसलेले आपले अण्णा पाच मिनिटे तरी लवकर पोहोचतील काय? मुळीच नाही. त्यांना दीड तासच लागेल. किती माणसे आली आणि एका माणसाला किती वेळ लागला, हे दोन अगदी निराळे प्रश्न आहेत. संगणकजाळ्याच्या बाबतीत पहिल्याला वहनक्षमता म्हणतात आणि दुसऱ्याला विलंब. बाजारात आपल्याला विकली जाते ती वहनक्षमता: शंभर मेगाबिट, दोनशे मेगाबिट. विलंबाविषयी विक्रेता बोलत नाही, कारण तो त्याच्याही हातात नसतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर धावतो. चेन्नईच्या किनाऱ्यावरून सिंगापूरला समुद्राखालून जी केबल २००२ साली टाकली गेली ती सुमारे ३,२०० किलोमीटर लांब आहे. म्हणजे जाण्यास सोळा आणि परत येण्यास सोळा, असे बत्तीस हजारांश सेकंद लागणारच. कितीही पैसे मोजले तरी प्रकाश अधिक वेगाने धावत नाही.

हे दोन शब्द पदरात पडले की अर्धी लढाई जिंकली. राहिलेल्या अर्ध्या लढाईसाठी तिसरी एक गोष्ट समजून घ्यावी लागते, ती म्हणजे पोच.

पुण्याचा एक व्यापारी गुम्मिडिपूंडीच्या आपल्या आडत्याकडे पेट्या पाठवतो, अशी कल्पना करा. वाटेत पेटी गहाळ होऊ शकते, म्हणून दोघांत करार असा की आडत्याने प्रत्येक पेटीची पोच द्यावयाची. पण एक पेटी पाठवून तिची पोच येईपर्यंत हात जोडून बसले तर धंदा बुडेल. म्हणून आडत्या सांगतो, "माझ्या ओट्यावर सात पेट्या मावतात. सात पेट्यांची पोच आली नसली तरी चालेल. आठवी मात्र पोच आल्यावाचून पाठवू नका." या सातच्या मर्यादेला संगणकाच्या परिभाषेत खिडकी असे नाव आहे. आता नीट पाहा. रस्ता चार पदरी असो की आठ पदरी, मालमोटारी कितीही असोत. पोच येण्यास चार दिवस लागत असतील, तर चार दिवसांत सातच पेट्या जाणार. रस्ता रिकामा पडून राहील आणि व्यापारी रस्त्याला शिव्या देत बसेल. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आपल्या पूर्वजांनी संगणक पाहण्यापूर्वीच करून ठेवली आहे.

इंटरनेटवरील बरीचशी वाहतूक ज्या टीसीपी नावाच्या करारनाम्यानुसार चालते, त्याचे मूळ तत्त्व हेच आहे. हा करारनामा आज ज्या स्वरूपात आपण वापरतो, त्याच्या घडणीत युनिक्स या संगणकप्रणालीचा, विशेषतः कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथे वाढलेल्या तिच्या शाखेचा, वाटा फार मोठा आहे. फ्रीबीएसडी, नेटबीएसडी, ओपनबीएसडी ही त्या शाखेची थेट वंशावळ. १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स याने आरंभिलेली लिनक्स ही प्रणाली रक्ताने निराळी, परंतु संस्काराने त्याच घराण्यातली. आपल्या खिशातील बहुतेक अँड्रॉइड फोनांच्या पोटात तीच आहे.

या घराण्याच्या इतिहासातील एक प्रसंग आपण ऐकावा असा आहे. १९८६ सालच्या ऑक्टोबर महिन्यात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधील संगणकजाळे अकस्मात मंदावले. दोन ठिकाणांतील अंतर अवघे चारशे यार्ड. म्हणजे आपल्या स्टेशनावरून बाजारात जाण्याइतकेही नाही. एरवी सेकंदाला ३२,००० बिट वाहून नेणारा तो मार्ग ४० बिटांवर आला. वेग आठशेपटींनी घसरला! तारा शाबूत होत्या, यंत्रे शाबूत होती. झाले होते ते असे की, गर्दीमुळे काही पाकिटे गहाळ झाली. पोच आली नाही म्हणून प्रत्येक संगणकाने ती पुन्हा पाठवली. त्यामुळे गर्दी वाढली, आणखी पाकिटे गहाळ झाली, आणि तीही पुन्हा पाठवण्यात आली. यात्रेच्या दिवशी अरुंद बोळात सर्वांनीच मागून रेटा द्यावा, तसा तो प्रकार होता.

तेथील व्हॅन जेकबसन या शास्त्रज्ञाने या गोष्टीचा छडा लावला. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधातील उपाय सांगावयास गेले तर घरगुती शहाणपणाचाच वाटतो: आरंभ हळू करा, वाट मोकळी दिसेल तसा वेग वाढवा, आणि एखादे पाकीट गहाळ झाले तर आपणच मागे सरा. हा संयम बर्कलीच्या युनिक्समध्ये घालण्यात आला, आणि तेथून तो जगभर पसरला. प्रत्येकाने थोडे मागे सरावे म्हणजे सर्वांचेच चालते, हे पन्नास वर्षे मंडळ चालवणाऱ्यांना निराळे सांगावयास नको.

आपल्या देशातही त्याच सुमारास, म्हणजे १९८६ साली, एर्नेट नावाच्या शैक्षणिक जाळ्याचा उपक्रम सुरू झाला. त्यात सहभागी असलेल्या आठ संस्थांत मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि आयआयटी होती, तशी मद्रासची आयआयटीही होती. मुंबई आणि मद्रास ही आपली दोन्ही नगरे या देशाच्या संगणकजाळ्याच्या बारशाला हजर होती, याचा आपल्याला अभिमान वाटावयास हरकत नाही.

आता मापनाविषयी. संगणकजाळे मंद आहे ही तक्रार असते, निदान नव्हे. ताप आहे असे सांगितल्याबरोबर वैद्याने काढा दिला नाही, आधी नाडी पाहिली, तरच तो वैद्य. नाडी पाहण्याची साधने युनिक्सच्या घराण्यात फार जुनी आहेत. माइक म्यूस या अमेरिकन लष्करी प्रयोगशाळेतील संशोधकाने १९८३ सालच्या डिसेंबरात पिंग नावाचा छोटासा कार्यक्रम लिहिला. पाणबुडीतून ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकतात, तद्वत पिंग एक पाकीट पाठवतो आणि ते परत येण्यास किती वेळ लागला ते सांगतो. विलंब मोजण्याचे हे साधन. वहनक्षमता मोजण्यासाठी टीटीसीपी, नेटपर्फ, आयपर्फ अशी साधने क्रमाने आली. यांची युक्ती अशी की, ती कोणतीही फाइल वाचत नाहीत वा लिहीत नाहीत. एका टोकाला निरर्थक आकडे निर्माण करतात आणि दुसऱ्या टोकाला मोजून फेकून देतात. असे करण्याचे कारण हे की, फाइल पाठवून वेग मोजला तर मंदपणा तारेचा, चकतीचा की यंत्राच्या मेंदूचा, हे कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट मोजावी, हा मापनाचा पहिला नियम.

दुसरा नियम असा की, एकदाच मोजू नये. दिवसा मोजावे, रात्री मोजावे, पाच-सात वेळा मोजावे, आणि नुसती सरासरी न पाहता सर्वांत चांगला व सर्वांत वाईट आकडाही पाहावा. तिसरा नियम सर्वांत कठीण आहे, कारण तो स्वभावाविरुद्ध आहे. एका वेळी एकच फेरबदल करावा, आणि गुण आला तर तो फेरबदल मागे घेऊन दुखणे परत येते की नाही तेही पाहावे. परत आले, तरच तो उपाय खरा. आम्हाला तीस वर्षांच्या नोकरीत हा तिसरा नियम पाळणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटली.

त्यांपैकी एकाची गोष्ट आता सांगतो.

२०१७ सालची हकीकत. येथील औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात आम्ही संगणक विभागाचे काम पाहत होतो. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. मुख्य कचेरी पुण्यास. यंत्रभागांची नवी रेखाचित्रे तेथे तयार व्हावयाची आणि रात्री अकरा वाजता गुम्मिडिपूंडीकडे निघावयाची, म्हणजे सकाळी सहाच्या पाळीला ती येथील यंत्रांवर हजर असावीत. पूर्वी दहा मेगाबिटांची लाइन होती. रेखाचित्रांचा पसारा वाढून रात्रीला पन्नास गिगाबाइटपर्यंत गेला, तेव्हा कंपनीने पुष्कळ पैसे मोजून शंभर मेगाबिटांची लाइन घेतली. हिशोबाने काम सव्वा तासात उरकावयास हवे होते. प्रत्यक्षात पावणेसात वाजेपर्यंत पाकिटे येतच राहत. सहाच्या पाळीचे कारागीर यंत्रांपाशी हाताची घडी घालून उभे. उत्पादन अडले की आवाज चढतात. पुण्याहून रोज फोन येऊ लागले.

लाइन व जाळे सांभाळण्याचे काम एका कंत्राटी तरुणाकडे होते. मुलगा पोन्नेरीचा, तमिळ. वडील भातशेती करणारे. शिकून नोकरीला लागलेला घरातला तो पहिलाच. पुण्याच्या बैठकीत असे ठरत आले की, दोष स्थानिक लाइनचा आणि ती सांभाळणाऱ्याचा आहे. उपाय म्हणून लाइन दोनशे मेगाबिटांची करावी आणि त्या मुलाचे कंत्राट महिनाअखेर संपवावे. सांगावयास लाज वाटते, पण बैठकीत बसलेल्या आम्हा मराठी मंडळींना हे निदान फार सोयीचे वाटले. "इथली माणसं अशीच," हे वाक्य तेथे कोणीतरी उच्चारले, आणि आम्ही ते खोडून काढले नाही. परक्या मुलखात राहणाऱ्या माणसाने हे वाक्य आपल्याविषयी किती वेळा ऐकलेले असते, याची आठवण त्या वेळी आम्हाला झाली नाही.

बैठकीचा निर्णय त्या मुलाला सांगण्याचे काम आमच्याकडे आले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले, "सर, मला दोन रात्री द्या. मी मोजून दाखवतो."

त्या दोन रात्री आम्ही त्याच्याबरोबर जागलो. त्याने काय केले ते क्रमाने सांगतो, कारण सारे मर्म त्या क्रमात आहे.

प्रथम त्याने पिंगने विलंब मोजला. पुण्याला जाऊन परत येण्यास ३६ हजारांश सेकंद. सर्वांत कमी ३५, सर्वांत अधिक ३८. लाइन डळमळीत असती तर आकडे असे एकसारखे आले नसते. नंतर त्याने पोचेची वाट न पाहणारी पाकिटे सेकंदाला ९५ मेगाबिट या वेगाने सोडून पाहिली. जवळजवळ सर्व पोहोचली. म्हणजे रस्ता चांगला रुंद आणि धड होता. यानंतर त्याने आयपर्फने पोच घेणारा, म्हणजे टीसीपीचा, एकच प्रवाह सोडला. वेग आला साडेचौदा मेगाबिट. मग एकाच वेळी सहा प्रवाह सोडले. प्रत्येकाचा वेग तोच, साडेचौदा. पण बेरीज सत्त्याऐंशी! हे पाहिल्याबरोबर तो हसला. रस्ता जर अडलेला असता, तर सहा जणांनी मिळून तेवढेच साडेचौदा वाटून घेतले असते. येथे प्रत्येकाला स्वतंत्रपणे साडेचौदाच मिळत होते. म्हणजे अडचण रस्त्यात नव्हती. प्रत्येक प्रवाहाच्या दारात होती.

मग त्याने कागदावर एक गणित मांडले, ते आठवीच्या मुलालाही जमेल असे आहे. साडेचौदा मेगाबिटांस ३६ हजारांश सेकंदांनी गुणा. सुमारे ५,२२,००० बिट येतात. आठाने भागा. सुमारे ६५,००० बाइट. हा आकडा पाहून आमच्या अंगावर काटा आला, कारण ६५,५३५ हा आकडा आमच्या चांगल्या परिचयाचा होता.

टीसीपीच्या मूळ करारनाम्यात खिडकीचे माप लिहिण्यासाठी सोळा बिटांची जागा ठेवली आहे. तीत मावणारा सर्वांत मोठा आकडा ६५,५३५. म्हणजे आडत्याला कितीही मोठा ओटा असला तरी कागदावर याहून मोठी संख्या लिहिताच येत नाही. पुढे लाइनी जलद झाल्या तशी ही अडचण जाणवू लागली, आणि १९९२ साली करारनाम्यास एक पुरवणी जोडण्यात आली. तिच्यायोगे खिडकीच्या आकड्याला ठरलेल्या पटीने गुणावे असे दोन्ही बाजू संभाषणाच्या आरंभीच ठरवू शकतात. मात्र दोहोंपैकी एकाने जरी ही पुरवणी नाकारली, तरी जुनेच माप लागू होते. शंभर मेगाबिटांची लाइन भरून वाहण्यास ३६ हजारांश सेकंदांच्या विलंबाला साडेचार लक्ष बाइटांची खिडकी हवी, म्हणजे जुन्या मापाच्या जवळजवळ सातपट. आमच्या यंत्रांवर ती पुरवणी लागू होत नव्हती. लाइन दोनशेची केली असती, पाचशेची केली असती, तरी मिळाले असते साडेचौदाच. दुखणे म्हशीला आणि औषध पखालीला, अशी आमची गत झाली असती.

पुरवणी कोणी नाकारली होती? दोन्ही टोकांच्या यंत्रांवर फ्रीबीएसडी होती. तिच्यात आरंभीच्या मांडणीची एक फाइल असते, आणि तीत या पुरवणीसाठी एक ओळ असते. ती ओळ लिहिलीच नाही तर पुरवणी आपोआप चालू राहते. आमच्या फाइलीत मात्र ओळ लिहिलेली होती, आणि तिच्यापुढे होते: नाही.

ती फाइल त्या मुलाने लिहिलेली नव्हती. ती पुण्याहून तयार होऊन आली होती. यंत्रे बदलली, प्रणालीच्या आवृत्त्या बदलल्या, पण प्रत्येक वेळी नव्या यंत्रावर जुनी फाइल जशीच्या तशी उतरवून घेण्यात आली होती. त्या ओळीच्या शेजारी इंग्रजीत एक टीप होती. तिचा अर्थ: "जुन्या यंत्राच्या अडचणीमुळे तात्पुरते बंद." खाली साल होते २००३, आणि त्याखाली लिहिणाऱ्याची आद्याक्षरे.

ती आद्याक्षरे आमची होती.

२००३ साली आम्ही पुण्याच्या कचेरीत होतो. त्या वेळी मध्ये बसवलेल्या एका उपकरणाला ही पुरवणी समजत नसे आणि जोडण्या अधूनमधून लटकत. तेव्हा ती बंद करणे हा योग्य उपाय होता. फ्रीबीएसडीच्या माहितीपुस्तकातही अशा प्रसंगी तो सुचवलेला असे. लाइन तेव्हा दोन मेगाबिटांची. दोन मेगाबिटांना नऊ हजार बाइटांची खिडकी पुरते. दहा मेगाबिटांनाही पंचेचाळीस हजारांची. ६५,५३५ च्या आत सारे बसत होते, म्हणून चौदा वर्षे कोणाला काही जाणवले नाही. ते उपकरण केव्हाच भंगारात गेले. "तात्पुरते" मात्र राहिले. यंत्रे एकाच इमारतीत ठेवून चाचणी घेतली की वेग उत्तम येई, कारण तेथे विलंब नसल्यासारखाच असतो. म्हणून संशय यंत्रांवर न जाता नेहमी बाहेरच्या लाइनवर जाई, आणि लाइनवरून लाइन सांभाळणाऱ्यावर. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

त्या मुलाने लगेच ती ओळ पुसली नाही. आम्ही घाई करत होतो, तो म्हणाला, "आधी दुसऱ्या यंत्रावर, सर." दोन्ही टोकांच्या राखीव यंत्रांवर त्याने तेवढा एकच बदल केला. वेग त्र्याण्णव मेगाबिट. पाचदा मोजला. मग बदल मागे घेतला. साडेचौदा. पुन्हा केला. त्र्याण्णव. तेव्हा कोठे त्याने खऱ्या यंत्रांना हात लावला. त्या रात्री अकराला निघालेली रेखाचित्रे सव्वाबाराच्या सुमारास येथे पोहोचली होती. खर्च शून्य.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत आम्हाला बोलावे लागले. ओळ कोणाची हे सांगितल्यावाचूनही काम भागले असते. मांडणीत दोष होता, तो दूर झाला, एवढे म्हणता आले असते. तो मुलगाही काही बोलला नसता. घरी आमच्या सौभाग्यवतींना हे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "त्याचं कंत्राट जात होतं, तेव्हा त्याचं नाव स्पष्ट घेतलं होतंत ना? मग आता तुमचंही घ्या." आम्ही ते घेतले. कोणी रागावले नाही. दोघेतिघे हसले, आणि विषय पुढे गेला. कंत्राट चालू राहिले. तो मुलगा पुढे चांगल्या नोकरीवर गेला. दर पोंगलला त्याचा फोन येतो.

आता घरच्या मंडळींच्या उपयोगाचे थोडे सांगतो आणि आटोपते घेतो. संध्याकाळी साताऱ्याच्या वा नागपूरच्या आजीशी चित्रसंवाद चालू असतो, आणि अकस्मात तिचा आवाज तुटू लागतो. आपण लाइनला दोष देतो. पुष्कळदा होते ते असे की, शेजारच्या खोलीत चिरंजीव लग्नाचे चलच्चित्र कोठेतरी पाठवत असतात. घरच्या राउटरमध्ये पाकिटे थांबण्यासाठी एक धर्मशाळा असते. ती दहा लक्ष बाइटांची असेल आणि वर जाणारी वाट दहा मेगाबिटांची, तर ती भरल्यावर आजीच्या पाकिटाला चिरंजिवांच्या पाकिटांमागे आठ-दशांश सेकंद ताटकळावे लागते. संभाषण तुटते ते एवढ्यानेच. धर्मशाळा मोठी असणे म्हणजे सोय, ही समजूत येथे चुकीची ठरते. यावर त्याच जेकबसनने कॅथलीन निकोल्स यांच्यासह २०१२ साली एक युक्ती सुचवली. पाकीट किती वेळ थांबले यावर लक्ष ठेवावे, आणि रांग रेंगाळू लागली तर काही पाकिटे टाकून देऊन पाठवणाऱ्यास सावध करावे. लिनक्समध्ये ती आली आहे, आणि अनेक राउटरांत रांगेच्या व्यवस्थेची सोय या नावाखाली ती चालू करता येते. लाइन मोठी घेण्यापूर्वी एवढे करा: घरात सर्व शांत असताना पिंग मोजा, मग मुलाला मोठी फाइल पाठवावयास सांगून पुन्हा मोजा. तीसचा आकडा आठशेवर गेला, तर दुखणे रांगेचे आहे. दोन्ही वेळी आकडा सारखाच राहिला, तर अन्यत्र शोधा. पैसे मागाहून खर्च करता येतात.

तंबोरा लावताना गवई आधी ऐकतो, मग खुंटी पिळतो. आणि एका वेळी एकच खुंटी पिळतो. चारही खुंट्या एकदम फिरवणाऱ्याचा तंबोरा जन्मात लागणार नाही.

मंडळाला पन्नास वर्षे झाली. या काळात आपणही पुष्कळ गोष्टी जुन्या फाइलीप्रमाणे एका घरातून दुसऱ्या घरात, एका पिढीतून दुसरीत उतरवून घेतल्या. त्यांतील बहुतेक मोलाच्या आहेत आणि त्या तशाच राहोत. परंतु काही ओळी अशाही असतील की ज्यांपुढे कोणीतरी कधीकाळी "तात्पुरते" असे लिहिले होते. शेजाऱ्याविषयीचे एखादे मत, एखादा अबोला, "इथली माणसं अशीच" यासारखे एखादे वाक्य. ज्या कारणासाठी ती ओळ लिहिली गेली ते कारण आज शिल्लक आहे की नाही, हे वर्षातून एकदा पाहण्याची प्रथा आपण पाडली तर बरे होईल. आम्ही स्वतः २०१७ पासून तसे करतो, आणि दरवर्षी एखादी तरी ओळ सापडतेच.

गाडीची वेळ होत आली आहे, आणि चेन्नईला परतणाऱ्यांना दीड तास बसावयाचे आहे. तो विलंब आमच्या भाषणाने आणखी वाढवणे उचित नव्हे.